धाप

बटन दाबलं की मोटर फिरते,
आवाज पहिल्यासारखाच,
दोन सेकंद पाणी सरळ भिंतीवर आदळतं
आणि मग धाप लागल्यागत
येतं, थांबतं, येतं.

पुराच्या वर्षी सांगलीवाडीत
चौघांनी वर्गणी काढून घेतलेलं हे पिवळं मशीन.
घराघरातला चिखल यानं गटारीपर्यंत ढकलला,
मुलाण्यांच्या शिलाई मशीनच्या पायडलातलासुद्धा.
आता ते कायमचं माझ्याकडे,
कारण मी अठ्ठावीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात होतो
आणि गल्लीचा समज असा
की ज्याला बस कळते त्याला सगळं कळतं.

सकाळी साडेसहाला अंगणात पोतं अंथरलं.
सव्वासातला पाणी जातं.

आधी वायर. एक्स्टेन्शनची तार बारीक असली
की मोटर उपाशी राहते.
बोर्ड काढला, स्वयंपाकघरातून थेट लाइन घेतली.
येतं, थांबतं, येतं.
मग पाइप. इंच इंच चाचपला,
ट्यूबचं पंक्चर शोधायचो तसा. मुरड कुठंच नाही.
मग पाणी आत शिरतं तिथली जाळी.
शेवाळाचा एक धागा, एक मेलेली मुंगी.
मुंगी काढली.
फरक शून्य.

दस्तगीर मुलाणी कुंपणापलीकडून, तोंडात ब्रश:
"हवा धरली असंल ओ. बंदूक काढा,
नुस्तं पाणी सोडा, बुडबुडं थांबंपर्यंत."
सोडलं. बुडबुडे आले, थांबले.
बंदूक लावली. धाप तशीच.
"मग वॉल गेला," म्हणाला, आणि चूळ भरायला गेला.
निदान करणारे निदान करून जातात,
पोतं माझंच असतं.

नोझल उजेडाला धरलं.
भोक अर्धं बुजलेलं.
शालनच्या साडीची पिन घेतली,
टोकावर आला वाळूचा एक कण.
कृष्णेचा. तिचाच असणार,
इतकी वर्षं इतक्या आत दुसरं कोण बसून राहील?
तळहातावर घेतला. चोर सापडला म्हणून खूश झालो,
आणि जरा ओशाळलोही.
त्या वर्षी हिचा पलीकडचा काठ दिसत नव्हता,
आणि आज ही एवढीशी.

पुसलं, बसवलं, बटन दाबलं.
येतं,
थांबतं,
येतं.

सहा पन्नास. आता मात्र डोकं फिरलं.
पंपच उघडला. स्प्रिंग, गोळी, काळ्या रिंगा
जुन्या पेपरवर मांडल्या, ग्रीस लावलं, परत भरलं.
एक रिंग उरली.
उरलेलं खिशात टाकायचं
हे वर्कशॉपातलं माझं शिक्षण.

शालन चहा घेऊन आली.
"अजून तेच?"
"पाणीच ओढत नाही गं."
"ओढंल कसं? नळ अर्धा आहे. मीच केलाय.
वरची पोरगी सिव्हिलला नाइट करून येते,
तिच्या मोरीत धार चढत नव्हती.
आंघोळ करून झोपू दे की तिला.
भिंत काय पळून चाललीय तुमची?"

कवठेमहांकाळच्या अलीकडे एकदा
एका नव्या पोरानं भर उन्हात अर्धं इंजिन खोललं होतं.
मी गेलो, टाकीत काठी घालून बघितली, कोरडी ठाक.
त्याला सगळ्यांसमोर म्हणालो होतो,
"आधी डिझेल बघावं, मर्दा."
आता कुठं असेल तो? माफी मागायला हवी.

चहा पीत बसलो.
वर मग्याचा आवाज येत होता,
मग बादली उपडी ठेवल्याचा,
मग दाराची कडी.
सात वाजून सहा मिनिटांनी नळ पूर्ण सोडला.

नऊ मिनिटं मिळाली. धार अशी
की भिंतीवरचं शेवाळ पापडासारखं सुटलं,
आणि खाली निघाला एक फिका निळा रंग,
तो आम्ही कधी दिला होता
हे दोघांनाही आठवेना.

संध्याकाळी दस्तगीरनं विचारलं,
"काय निघालं शेवटी?"
खिशातली रिंग बोटानं फिरवत
मी म्हणालो,
"तू म्हणालास तेच.
हवा धरली होती."